दांड्यावरचं वजन

मारुती जिप्सीचं स्वतःचं वजन हजार किलोच्या आसपास आणि तिच्या 1.3 लिटरच्या पेट्रोल इंजिनाची ताकद 80 अश्वशक्ती. तिच्यामागे ट्रेलर लावायचं ठरलं तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर मी हे दोनच आकडे लिहिले. ऑस्ट्रेलियातले आडवाटेचे ट्रेलर व्हिडिओत बघताना हरखून जायला होतं. बाहेर सरकणारं स्वयंपाकघर, वर उघडणारा तंबू, शंभर-दीडशे लिटर पाणी. पण ते ओढणाऱ्या गाड्या दोन-अडीच टनांच्या असतात. तसलं ओझं घेऊन जिप्सी पाबे घाट चढेलही एकवेळ, पण उतरताना तेच ओझं तिला मागून ढकलत नेईल.

आमची गरज बेताची होती. घरची चार माणसं जिप्सीत बसली की सामानाला जागा उरत नाही, आणि टपावर रचलं तर गाडी वळणावर कलते. आम्ही जातो ते पानशेतच्या पलीकडे केळद-मढे घाटाच्या अंगाला, नाहीतर माण-खटावच्या माळावर. तंबू, पाणी, स्वयंपाकाचं साहित्य, हत्यारं आणि एक जादा चाक एवढं मागे जावं, आणि वाट कितीही खडकाळ असली तरी ते तिथपर्यंत धडपणे पोचावं, बस.

सासरे, ज्यांना मी बाबा म्हणते, पूर्वी देहूरोडच्या डेपोत नोकरीला होते. जीप, ट्रक, ट्रेलर त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आधी कागद बघ, मग वेल्डिंग." ते खरंच आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातल्या व्याख्येत ट्रेलरही मोटार वाहन धरलाय, त्याला इंजिन नसलं तरी. म्हणजे त्याची नोंदणी लागते आणि त्याला स्वतःचा नंबर असतो. कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेटरकडून चार चॅनल जोडून घेतले आणि लावले गाडीला, असं रस्त्यावर चालत नाही. नवा ट्रेलर बनवायचा तर त्या नमुन्याला आधी मान्यता हवी. एका ट्रेलरपुरता तो खटाटोप घरगुती माणसाला झेपणारा नाही. म्हणून नोंदणी असलेला जुना ट्रेलर शोधायचा आणि तो नव्याने उभा करायचा, असं ठरलं.

तो सापडला सासवडच्या बाजूला, एका पोल्ट्रीच्या शेडमागे. जीपमागे लावायचा एका आसाचा, दोन चाकांचा. तळाचा पत्रा पार गेलेला, टायर चिरलेले, पण आरसी जपून ठेवलेली. बाबांनी चॅसिसवर कागद धरून पेन्सिल फिरवली, उमटलेला नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहिला आणि मगच पैशांचं बोलणं सुरू केलं. फॉर्म 29 आणि 30 भरून तो माझ्या नावावर झाला. कामाला हात लावण्याआधी मी संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन काय बदलता येईल ते विचारून घेतलं. कलम 52 प्रमाणे आरसीवरचे तपशील मूळ वाहनाशी विसंगत होतील असे बदल मालकाला करता येत नाहीत. त्यामुळे लांबी, रुंदी, वजनाची मर्यादा आणि चॅसिस हे चार विषय आमच्यासाठी तिथेच मिटले. दुरुस्ती करायची, मजबुती द्यायची, आतली मांडणी नट-बोल्टवर काढता-घालता येईल अशी ठेवायची. ही मर्यादा मला पुढे फार उपयोगी पडली, कारण वाढवत नेण्याचा रस्ताच बंद झाला होता.

या ट्रेलरच्या मूळ नमुन्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने विलिस जीपमागे लावायला पाव टनी ट्रेलर बनवून घेतला. तो बनवणाऱ्यांत अमेरिकन बँटम ही कंपनी होती. 1940 मध्ये जीपचा पहिला नमुना याच कंपनीने करून दाखवला होता, पण जीपचं मोठं काम विलिस आणि फोर्डकडे गेलं आणि बँटमच्या वाट्याला ट्रेलर आले. त्या ट्रेलरची चाकं जीपचीच आणि दोन चाकांमधलं अंतरही जीपइतकंच, म्हणजे जीप ज्या चाकोरीतून जाईल त्याच चाकोरीतून ट्रेलर जाणार. डबा पाणी न शिरणारा, नदीत तरंगणारा, आणि आत आलेलं पाणी काढायला तळाला बूच. पाव टन म्हणजे अमेरिकी हिशोबात 500 पौंड, 227 किलोच्या आसपास. खराब वाटेवर याच्यावर भरायचं नाही. रिकामा ट्रेलर अडीचशे किलोंचा. 1947 पासून महिंद्रांनी मुंबईत जीप जोडायला घेतल्यावर या धाटणीचे ट्रेलरही आपल्याकडे रुळले. आमचा त्याच वळणाचा, नंतर इथेच बनलेला. ऐंशी वर्षांपूर्वीच्या त्या आखणीत मला बदलावंसं फार थोडं सापडलं.

काम भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये झालं. मालक स्वतः वेल्डर, सगळे त्यांना मामा म्हणतात. आधी डबा उतरवला, चॅसिस उघडी केली आणि सँडब्लास्टिंग करून घेतलं. उघड्या लोखंडावर मामांनी चिरा शोधायचं लाल रंगाचं पेनिट्रंट फवारलं, पुसलं आणि वर पांढरा डेव्हलपर मारला. ट्रेलर ओढायच्या दांड्याचे दोन हात जिथे चॅसिसच्या पहिल्या आडव्या पट्टीला भेटतात तिथे पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली. ट्रेलर तुटायचा तर बहुधा तिथेच तुटतो. पुढे हुक, मागे आस आणि मध्ये सगळा भार, त्यामुळे खड्ड्यागणिक तो सांधाच वाकत असतो.

मामांनी चीर ग्राइंडरने मुळापर्यंत खोदून काढली, भरून घेतली आणि त्यावर बाहेरून पट्टी दिली. ही पट्टी चौकोनी न कापता शंकरपाळ्यासारखी कापायची असते. चौकोनी पट्टीची उभी कड जिथे संपते तिथे सगळा ताण एका रेषेत गोळा होतो आणि नवी चीर त्याच रेषेवर पडते. तिरक्या कडांमुळे तो हळूहळू पसरतो. चॅनलच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग अजिबात केलं नाही. वेल्डिंगचे रॉड 7018 या प्रकारचे, भट्टीत तापवून कोरडे ठेवलेले. पावसाळी हवेत रॉडचं आवरण ओल धरतं, त्या ओलीतला हायड्रोजन वेल्डमध्ये अडकतो आणि वरून सुंदर दिसणारा सांधा आतून तडकतो. बाहेर सरी चालू असताना मामा एकेक रॉड भट्टीतून काढत आणि तो संपेपर्यंत दुसऱ्याला हात लावत नसत.

गंज थांबवण्यासाठी आधी हॉट-डिप गॅल्व्हनायझिंगचा विचार होता. 450 अंशांच्या आसपास वितळलेल्या जस्तात अख्खी चॅसिस बुडवतात, कानाकोपरा झाकला जातो, आणि ताम्हिणीच्या पावसाला त्याहून चांगलं उत्तर नाही. पण जस्ताचा थर चॅसिस नंबरवरही चढणार. आमच्या जुन्या ट्रेलरवर ती अक्षरं आधीच उथळ झाली होती. आरटीओत नंबर वाचता आला नाही तर सगळं मुसळ केरात. म्हणून जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर, त्यावर चॅसिसचा रंग, आणि चॅनलच्या आतल्या बाजूला मेण, असं केलं. मेण दर पावसाळ्याआधी पुन्हा मारावं लागतं, ते मारते.

चाकांनी सुखद धक्का दिला. जुन्या जीपला चाकाचे पाच स्टड 139.7 मिलिमीटरच्या वर्तुळावर, जिप्सीलाही तसेच. त्यामुळे ट्रेलरला जिप्सीचेच रिम आणि 205/70 आर 15 चे टायर बसले, आणि जादा चाक सहाही ठिकाणी चालतं. बेरिंग जीपचंच, टेपर रोलर. नाना पेठेत दुकानदाराने हब हातात घेतला आणि नंबर न विचारता बेरिंग समोर ठेवलं. जुन्या गाडीचे भाग निवडण्याचं खरं सुख हेच. वाई असो की दहिवडी, हे बेरिंग कुठेही मिळतं. ते बसवताना चाक हाताने फिरवत नट घट्ट करायचा, मग किंचित सैल सोडून लॉक करायचा.

हबबद्दल एक गोष्ट बाबांनी शिकवली आणि ती मी कधीच मोडत नाही. लांबून आल्यावर हब गरम असतो. तसाच ओढ्यात घातला तर आतली हवा एकदम आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. ग्रीस पांढुरकं होतं आणि काही दिवसांनी बेरिंग ओरडायला लागतं. म्हणून ओढ्याच्या अलीकडे थांबायचं, हबला हात लावून बघायचं, निवला की मगच पाण्यात उतरायचं.

सगळ्यात जास्त डोकं चाललं ते पाट्यांवर, म्हणजे धक्के झेलणाऱ्या कमानदार पोलादी पट्ट्यांवर. मूळ पाटे कडक होते, लष्करी सामानासाठी बनवलेले. कमी भाराखाली कडक पाटा वाकतच नाही, दगडावरून चाक गेलं की अख्खा ट्रेलर उडतो आणि खाली आदळतो. ट्रेलरच्या आतली भांडी फुटतात, नट सुटतात, सांधे तडकतात ते याच उडण्यामुळे. सोलापूर रस्त्यावरच्या कमानपाटेवाल्याकडे मी आमचं भरलेलं वजन लिहूनच घेऊन गेले. त्यांना पटेना. "ताई, पाटा काढायला कुणी येत नाही, सगळे वाढवायलाच येतात." मग त्यांनाच ट्रेलरवर उभं करून दाखवलं. दोन धडधाकट माणसं वर चढली तरी पाटा बोटभरही दबेना. त्यांनी प्रत्येक बाजूचा एकेक पाटा कमी केला, उरलेल्यांना पुन्हा कमान चढवली आणि पाट्यांच्या टोकांखाली नायलॉनचे तुकडे घातले. वर दोन शॉकॲब्सॉर्बर लावले. पाट्यांमधलं घर्षण थोडा धक्का खातं, पण लाटा पडलेल्या मुरमाच्या रस्त्यावर ते पुरत नाही, चाक सतत नाचत राहतं.

उंची वाढवण्यासाठी आस पाट्याच्या खाली घ्यायचा आग्रह बऱ्याच जणांनी केला. मी हिशोब करून बघितला. दोन चाकांमध्ये साधारण 1.3 मीटर अंतर. भरलेल्या ट्रेलरचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 65 सेंटिमीटरवर असेल तर तो कागदावर 45 अंशांच्या कलापर्यंत उभा राहतो. तोच 10 सेंटिमीटर वर नेला तर 41 अंश. वाटेवर उसळी आणि मऊ टायर धरले की दोन्ही आकडे बरेच खाली येतात, म्हणून गमावलेले चार अंश फार मोलाचे. जिप्सीचं पोट ज्या दगडावरून जातं त्यावरून ट्रेलरचा आसही जात होता. मग उंची कशाला वाढवायची? टपावरचा तंबूही याच हिशोबात गेला. त्याचे पन्नास-साठ किलो नेमके सगळ्यात वर बसतात. आम्ही जमिनीवर तंबू ठोकतो.

हुक लष्करी पद्धतीचा ठेवला, गाडीला पिंटल, म्हणजे जबड्यासारखा मिटणारा हुक, आणि ट्रेलरला जाड डोळा. 50 मिलिमीटरचा बॉल डांबरी रस्त्यावर शांत चालतो, पण गाडी एका अंगाला आणि ट्रेलर दुसऱ्या अंगाला कलला की त्याचं फिरणं लवकर संपतं. पिंटल खडखडतो खरा, पण अशा वाटेवर तो कुठेच अडत नाही. जिप्सीच्या बाजूचा पिंटल मागच्या बंपरवर न लावता चॅसिसच्या दोन्ही दांड्यांना जोडणाऱ्या आडव्या चॅनलवर घेतला. खाली दोन साखळ्या एकमेकींवरून फुली करून लावल्या. हुक निसटलाच तर दांडा रस्त्यात न रुतता त्या फुलीवर पडतो.

डब्याचा तळ नव्या पत्र्याने भरला, बुचांची भोकं मुद्दाम तशीच ठेवली. आतल्या सांगाड्याला मामा 75 मिलिमीटरचं चॅनल म्हणत होते. ते मीटरला जवळपास 7 किलो. 60 बाय 40 ची तीन मिलिमीटरची चौकोनी नळी साडेचार किलोंच्या आत बसते आणि पिळाला चॅनलपेक्षा कितीतरी जास्त टिकते, कारण ती चारी बाजूंनी बंद असते. तीच घेतली. गॅसची छोटी टाकी दांड्यावरच्या वेगळ्या कप्प्यात, आणि त्या कप्प्याला तळाशी भोकं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. वरच्या जाळीचा त्याला काही उपयोग नाही.

धुळीने मात्र पहिल्या माणच्या फेरीत आमची परीक्षा घेतली. झाकणाला दारांची रबरी बीडिंग चहूबाजूंनी लावलेली, तरी पिठावर, अंथरुणावर, सगळ्यावर तांबडा थर. चालत्या ट्रेलरच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागच्या फटीतून धूळ आत खेचली जाते. रबर कितीही दाबा, एखादी फट राहतेच. उपाय उलटा आहे. डब्याच्या पुढच्या बाजूला उंचावर एक छोटं तोंड ठेवलं आणि त्यात कारचा जुना एअर फिल्टर बसवला. चालताना गाळलेली हवा आत भरते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा वर राहतो आणि फटीतून हवा बाहेर जाते. पुढच्या खेपेला पीठ पांढरं राहिलं.

वायरिंगचं थोडक्यात. सात पिनांचं सॉकेट, सगळे दिवे एलईडी, आणि अर्थिंगची वायर वेगळी. हुकाच्या लोखंडावर अर्थिंग सोडलं तर प्रत्येक खड्ड्याला दिवे लुकलुकतात. सामान तपकीर गल्लीत मिळालं. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, 100 अँपिअर-अवरची. महाग आहे, पण शिसाच्या तेवढ्याच बॅटरीच्या निम्म्याहून कमी वजनात बसते. पैसे मी किलो वाचवायला दिले.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. ट्रेलरचं एकूण वजन जितकं महत्त्वाचं, तितकंच हुकावर त्यातलं किती येतं हे महत्त्वाचं. साधारण दहा ते पंधरा टक्के यायला हवं. त्याहून कमी आलं तर उतारावर, वेगात, ट्रेलर मागे डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागतो, आणि एकदा झोका वाढला की हलकी जिप्सी त्याला आवरू शकत नाही. जास्त आलं तर गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल लागतं.

आमचा भरलेला ट्रेलर मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर 460 किलो भरला. दांड्यावरचं वजन घरातल्या साध्या काट्यावर मोजता येतं. काट्यावर लाकडी ठोकळा उभा करायचा, त्याची उंची अशी की दांडा गाडीला लावल्यावर जितका वर असतो तितकाच राहील, आणि ट्रेलर सपाट जमिनीवर हवा. दांडा खालीवर धरला तर आकडा फसवतो. पहिलं वजन आलं 38 किलो, आठ टक्क्यांच्या थोडं वर. सामान एकही किलो न वाढवता ते 55 वर आणायचं होतं.

त्याचं गणित तरफेचं आहे. आमच्या ट्रेलरवर हुकापासून आसापर्यंत 1.8 मीटर. 20 किलोचं जादा चाक आसाच्या मागे 70 सेंटिमीटरवर टांगलेलं होतं. म्हणजे ते हुकावरून 20 गुणिले 0.7 भागिले 1.8, जवळपास 8 किलो उचलून घेत होतं. तेच चाक आसाच्या पुढे 70 सेंटिमीटरवर आणलं तर 8 किलो घालतं. एका चाकाच्या जागेने हुकावर जवळपास 16 किलोंचा फरक पडतो. चाक पुढे आलं, पाण्याची टाकी आसाच्या किंचित पुढे सरकली आणि काटा 56 वर थांबला. चाळीस लिटरच्या त्या टाकीत आडव्या पट्ट्या आहेत. अर्धी रिकामी टाकी चढाला सगळं पाणी मागे फेकते, आणि असं झालं की दांड्यावरचं वजन ऐन नको तिथे उतरतं. पाणी जसं संपतं तसं वजन किती बदलतं हेही मी मोजून झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलंय. सामान भरणाऱ्याला ते समोर दिसतं.

त्यानंतर पाबे घाट उतरताना पहिल्यांदा मागे काही आहे हे विसरायला झालं. पानशेतच्या पलीकडच्या दगडी वाटेवर, टायरमधली हवा ट्रेलरला 18 आणि गाडीला 22 पीएसआयवर आणून, लो-रेंजमध्ये चालवताना आरशात बघितलं तर ट्रेलर गाडीच्याच चाकोरीतून, न उडता, मान हलवत येत होता. मुलं मागच्या काचेला नाक लावून त्याच्याकडे बघत होती. मागे घेताना मात्र सवय लागते. दांडा आखूड असल्याने ट्रेलर झटकन वळतो. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा आणि ट्रेलरचं शेपूट जिकडे न्यायचं तिकडे हात न्यायचा. अरुंद वाटेवर सरळ ट्रेलर सोडवून हाताने वळवतो. दोन माणसांना तो वळवता येतो, आणि ते केवळ हलका आहे म्हणूनच.

एक पथ्य आम्ही पाळतो. ट्रेलर कुठेही जाऊ शकतो म्हणून तो कुठेही न्यायचा नाही. सह्याद्रीतल्या कातळसड्यांवर मातीचा थर बोटभर जाडीचा असतो, पावसाळ्यातली सगळी फुलं त्याच्यावर उगवतात. चार चाकांच्या जागी सहा चाकं फिरली की तो थर निघून जातो आणि कित्येक वर्षं भरत नाही. गाव जिथे गाड्या नेतं तिथपर्यंतच आम्ही जातो, वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरत नाही.

सध्या मामांच्या टेबलावर ब्रेकचं चित्र आहे. ट्रेलरला आज फक्त हँडब्रेक आहे. गाडीने ब्रेक दाबला की दांडा मागे सरकून ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागावेत, अशी ओव्हररन यंत्रणा जोडायची आहे. तिची अडचण अशी की गाडी मागे घेतानाही दांडा तसाच दाबला जातो, म्हणून तिला रिव्हर्ससाठी एक कुलूप लागतं. त्याचा खटका ड्रायव्हरला खाली न उतरता लावता येईल का, यावर मामा, बाबा आणि मी अडलो आहोत. शिवाय या यंत्रणेचे 12 किलो दांड्यावर येणार. त्यामुळे तेवढ्याच हिशोबाने गॅसचा कप्पा मागे सरकवायला लागेल, त्याची भोकं मामांनी पाडून ठेवली आहेत.